तीनदा विचारल्याशिवाय

एकाहत्तर साली जामखेडहून एस.टी.नं नगरला निघालो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आईनं भाकरी बांधून दिली आणि वर एक ताकीद. "पाव्हन्याच्या घरी लगेच हात पुढं करू नको. तीनदा इचारल्याबिगर हो म्हनू नको." आमच्याकडं पहिल्या हाकेला पाटावर बसणारा माणूस अधाशी ठरतो.

नागापूरच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं, राहायला जागा नव्हती. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. पलटणीतले त्यांचे एक दोस्त शहरात, चर्चच्या मागं एकटेच राहत. ख्रिस्ती होते, बायको वारलेली. त्यांच्याकडं सोय होणारच, असं मी धरून चाललो होतो.

माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो नि गांगरलोच. कापडबाजारात एका दुकानात सिंधी, दुसऱ्यात मारवाडी, लष्कराच्या गाडीतून उतरलेले सरदारजी. अजान संपते न संपते तोच देवळात आरती सुरू. एवढी माणसं, पण मला ओळखणारं एक कुत्रं नव्हतं. भाकरी कुठं बसून खावी तेही कळेना, म्हणून खाल्लीच नाही.

काकांनी दार उघडलं, वडिलांचं नाव ऐकताच पोटाशी धरलं. स्टोव्हवर चहा केला, बशीत पाव काढले. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी म्हणालो, नको, आत्ताच जेवून आलो. त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि कप-बशी उचलून आत नेली. मागची खोली रिकामी आहे, राहा, म्हणाले. मी म्हणालो, नको, तुम्हाला कशाला त्रास. आता पुन्हा विचारतील म्हणून वाट बघत बसलो. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"बरोबर आहे बाबा," ते म्हणाले. "तुझी मर्जी."

मग उठावंच लागलं. असा संतापलो होतो! म्हणे वडिलांचा दोस्त! शहरातली माणसं कोरडी ती कोरडीच. नागापूरला चौघांत एक खोली धरली. प्रत्येकाची शिफ्ट वेगळी, त्यामुळं चौघं असून मी एकटाच. रविवारी तर दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. रडू यायचं, खोटं कशाला बोलू.

कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर एक मुसलमान मिस्त्री होते. ते रोज चहा विचारायचे, मी नको म्हणायचो, ते आपला पिऊन टाकायचे. पंधरा-वीस दिवस असंच चाललं. शेवटी त्यांनी विचारलं, "रोजा धरलायस, का आमच्या हातचं चालत नाही?" मी आईची ताकीद सांगितली. ते पोट धरधरून हसले. मला मात्र हसू येईना. काकांनी कप आत नेताना माझ्याकडं तसं का बघितलं, ते आत्ता डोक्यात शिरलं.

त्या रविवारी गेलो. काका नुकतेच प्रार्थनेहून आले होते. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, आईचं तीनदा आणि माझं न जेवलेलं जेवणसुद्धा. त्यांनी हाताला धरून मला आत बसवलं.

"मला वाटलं, दोस्ताच्या पोराला आमचं पाणी चालत नाही," ते म्हणाले. "तुझा बाप माझ्या ताटात जेवायचा रे."

चहा ठेवला त्यांनी. मी धीर करून खोलीचं विचारलं. ती आठवड्यापूर्वीच एका नर्सबाईंना दिली होती. दोरीवर त्यांचा पांढरा गणवेश वाळत होता. दोघंही तिकडं बघत चहा प्यायलो.

"आणखी अर्धा कप..."

त्यांचं विचारून व्हायच्या आत मी हो म्हणालो.