तिकडचा उकाडा

फोनवर कुणी हवापाण्याची गोष्ट काढली की मी सावध होते. माणसाला खरं सांगायचं नसलं की तो पाऊस सांगतो, थंडी सांगतो. हे मी अनुभवाने बोलतेय. माझी एकुलती एक लेक लग्नानंतर जर्मनीत गेली. पहिल्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं, तेव्हा महिनाभर ती मला बर्फाच्याच गोष्टी सांगत होती. किती पडला, गाडी कशी अडकली, दार कसं उघडेना. मीही खुळ्यासारखी “स्वेटर घाल गं” म्हणत राहिले. खरं कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तिच्या उशाशी बसायची वेळ त्या बर्फाने माझ्याकडून चोरली, असं मला आजही वाटतं.

म्हणून यंदा जुलैत, तिला आठवा सरत असताना, ती म्हणाली, “मम्मी, इकडे बहुत गर्मी आहे. कॅमेरा नाही लावत, पडून बोलते,” तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. बालाघाटात वाढलेली पोरगी ही. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायचं, अशा रस्त्यावरून भरदुपारी सायकल हाणत क्लासला जायची. तिला जर्मनीचं ऊन लागावं?

“खरंच आहे ते,” आमचे हे म्हणाले. पाटबंधारे खात्यात जन्म गेला यांचा. नोकरीत वैनगंगेचं पाणी किती चढलं ते बघायचे, रिटायर झाल्यावर सगळ्या जगाचं बघतात. मोबाईल माझ्या डोळ्यांसमोर धरून दाखवायचे. हे बघ, वाळवंटात पूर. हे बघ, जिथे कुणाच्या घरात पंखा नाही, तिथे लू चालतेय. “आपला उन्हाळा तिकडे बदलीवर गेला,” असं म्हणून स्वतःच हसायचे.

बदलीवर गेला म्हणावं, तर त्याने इकडची खुर्चीही सोडली नव्हती. जुलै अर्धा झाला तरी आभाळ घासल्या ताटासारखं लख्ख. एरवी या दिवसांत कूलर पुसून, पालथा करून गच्चीवरच्या खोलीत गेलेला असतो. यंदा तो खिडकीत घरघरत होता, आणि हे रोज सकाळी पाईप लावून त्याची टाकी भरत होते. ते काम त्यांचंच. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

त्यातच रामपायलीहून माझी मोठी जाऊ राहायला आली. पाऊस नाही, रोपं पिवळी पडली, धानाची रोवणी खोळंबली, घरी काम नाही, म्हणून आले म्हणाली. पुन्हा हवामानच! आमच्याकडे दोन दिवसांवर कधी न टिकणारी बाई. यंदा मात्र थैली खुंटीला अडकवून, कूलरसमोर चटई टाकून ठाण मांडून बसली. थैलीत तिचा अंगठ्याएवढा पितळी राम लाल फडक्यात गुंडाळलेला असतो. कुठेही गेली तरी सकाळी त्याला काढायचं, दोन थेंब पाणी घालायचं, पुन्हा गुंडाळायचं.

ती आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नाहीसा झाला.

हा बाळकृष्ण सासूबाईंचा. जाताना त्यांनी तो थोरलीला न देता माझ्या हातात दिला. जाऊबाई त्या वेळी काही बोलली नाही, पण तिचं तोंड मी पाहिलं होतं. न बोललेलं माणूस जास्त लक्षात ठेवतं. मी तिला सरळच विचारलं, “बाई, माझा बाळकृष्ण पाहिला का तुम्ही?”

“मी कायले हात लावू तुह्या देव्हाऱ्याले?” ती म्हणाली आणि गवारी मोडत राहिली. वर मान केली नाही.

दुपारी ती शेजारी गेल्यावर मी तिची थैली काढली. दोन लुगडी, तंबाखूची डबी, बामाची बाटली आणि तळाशी ते लाल फडकं. उचललं तर हलकं. आत काही नाही. तिचा राम नाही, माझा बाळकृष्णही नाही. मला वाटलं, दोन्ही देव मिळून पाठवले हिने कुणाच्या हाती गावाला. फडक्याची घडी घालून मी होतं तिथे ठेवलं आणि पंख्याखाली बसून नुसती धुमसत राहिले.

यांचंही काही बरं दिसत नव्हतं. फोन वाजला की हे गच्चीवर जायचे. उन्हात! खाली आले की मी विचारायची, “काय म्हणते?”

“उकाडा आहे म्हणते.”

“आणखी?”

“आणखी काय? तू काहून एवढा शक करतं?”

मग एक दिवस हे औषधं आणायला बाहेर गेले असताना कूलर वाऱ्याऐवजी नुसती वाफ फेकायला लागला. पंपाची नळी सुटली असेल म्हणून मी बटण बंद केलं आणि बाजूची गवताची जाळी काढली. गढूळ पाण्यात हात घालून नळी चाचपडत होते, तर बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. बाहेर काढलं. रांगता बाळकृष्ण, हातात लोण्याचा गोळा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हे आले तेव्हा मी तशीच बसले होते, मांडीवर ओला देव. त्यांनी पाहिलं आणि औषधांची पिशवी हातात घेऊन दारातच उभे राहिले.

देव पाण्यात घालायची रीत आमच्याकडे नवी नाही. मागणं पुरं होईस्तोवर देवाला बाहेर काढायचं नाही. पण हे करतो कोण, तर आमच्यासारख्या बायका. या माणसाने जन्मभर त्याची टिंगल केली होती.

“दवाखान्यात हाय ती,” हे म्हणाले. “आठ दिवस झाले. बीपी वाढलं. तितल्या दवाखान्यात कूलर नाही, एसी नाही, खोल्या भट्टीवानी तापल्या. तुले सांगू नोको म्हणे. आई घाबरते म्हणे.”

“आणि हा इथे?”

“देव्हाऱ्याजवळ ठेवला असता तं तू विचारलं असतं.” मग जरा थांबून म्हणाले, “मले वाटलं, टाकीत पाणी हालतं राह्यते. थंड राहीन.”

थंड कोण राहील, देव की पोरगी, ते मी विचारलं नाही. मला राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली भीती होती, निव्वळ भीती. पुन्हा तेच. पुन्हा मला हवामान सांगून सगळं होऊन जाणार. मी बाळकृष्ण होता तिथे पाण्यात सोडला. हे नळी जोडायला पेचकस शोधत होते, तेवढ्यात देव्हाऱ्यातून माहेरची अन्नपूर्णा आणून तीही हळूच सोडली. संध्याकाळी लेकीला फोन लावून म्हटलं, “कॅमेरा लाव. मला सगळं ठाऊक आहे.” तिने लावला. हाताला सुई, केस घामाने कपाळाला चिकटलेले.

तेव्हापासून फोन माझ्या हातात राहिला. पण जाऊबाईवरचा संशय मात्र गेला नाही. बाळकृष्णाचा उलगडा झाला, रिकाम्या फडक्याचं काय? ज्या बाईने स्वतःचाच देव कुठे तरी दडवला, ती आणखी काय लपवत नसेल?

पुढच्या आठवड्यात जावयाचा फोन आला. मुलगी झाली. दिवसांआधीच झाली, लहानशी आहे, पण रडते खणखणीत. लेक बरी आहे. रात्री तिकडे वारा सुटला, पाऊस आला, खिडक्या उघडल्या म्हणे. या वेळी तो पाऊस मी मुकाट्याने खरा मानला.

आमच्याकडे अजून थेंब नव्हता. यांनी कूलरचं बटण बंद केलं, जाळी काढली आणि पाण्यात हात घातला. बाळकृष्ण निघाला. पुन्हा हात घातला तर अन्नपूर्णा. माझ्याकडे पाहिलं, मी पदर सारखा केला. मग पंपाच्या मागे कोपऱ्यात त्यांच्या बोटांना आणखी काही लागलं असावं, कारण ते खांद्यापर्यंत हात घालून वाकले.

अंगठ्याएवढा राम.

जाऊबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. कूलरसमोर निजणारी बाई. भल्या पहाटे दिराने टाकीत काय सोडलं ते तिने त्याच दिवशी पाहिलेलं असणार. तिने ओंजळ पुढे केली, राम घेतला, पदराने पुसला. मी तिच्याकडे बघतच राहिले.

“काय पाहून राह्यली?” ती म्हणाली. “मी फडकं गुंडाळून ठेवतो वो, घडी नाही घालत. थैली धुंडाळली तं तसंच ठेवा लागते.”

ती आत जायला वळली आणि दारातून म्हणाली, “अन् थे का तुह्या एकटीचीच पोरगी व्हय?”