न ऐकलेल्या वाक्याला दिलेलं उत्तर

त्याला सगळे भोंगा म्हणत. बायको सोडून. ती 'अहो' म्हणायची, आणि तेही दोनदा, कारण पहिलं वाया जायचं. भोंग्याने कानगोष्ट केली तरी ती तीन घरं पलीकडे पोचायची. एकदा त्याने बायकोला अगदी हळूच विचारलं, की शेजारीणबाई हल्ली कुणाशी बोलत का नाहीत. त्या दिवसापासून शेजारीणबाई त्याच्याशीही बोलेनाशा झाल्या.

त्याची उभी हयात यंत्रमागांत गेली होती. एका पत्र्याखाली ओळीने माग, प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आपटत पळणारा, आणि भिंतीला हात लावला तर भिंतही थरथरणारी. तिथे माणसाचा आवाज म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. म्हणून मागवाले आवाज खर्चच करत नसत. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. समोरच्या ओळीत लंबू असायचा. भोंगा आणि लंबू यांनी सासुरवाड्यांची उणीदुणी, सिनेमाच्या गोष्टी आणि मुकादमाची नक्कल, सगळं मधल्या माणसांच्या डोक्यांवरून एक शब्दही न उच्चारता केलं. दोन डोकी कुठे जवळ आलेली दिसली की भोंग्याची नजर आपोआप तिकडे वळायची. कुणाला कामावरून काढणार, ही बातमी नेहमी तशीच फुटायची.

त्यामुळे आपले कान कधी गेले हे त्याला कळलंच नाही. ओठ दिसत होते तोवर त्याचं काही अडलं नाही.

अडलं ते नातीपाशी. लेक कामाला जायची, तेव्हा नात आजी-आजोबांकडे. तिला नुकताच गुपितांचा नाद लागला होता. मांडीवर चढायची, कानाला तोंड लावायची, वर हाताचा आडोसा करायची. भोंग्याला नुसती गरम वाफ जाणवायची. तो अंदाजाने म्हणायचा, "हो हो, करू की." अशाच एका 'हो'नंतर आजीची चप्पल पाण्याच्या टाकीत सापडली.

"मी आजोबांना विचारलं होतं," नात म्हणाली. आणि ते खरं होतं.

मग डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आवाजाने कानाची नस गेली, ती परत येणार नाही, पण दोन्ही कानांना चांगलं मशीन लावलं तर बरंच ऐकू येईल. मशीनची किंमत ऐकून, म्हणजे डॉक्टरांच्या ओठांवर वाचून, भोंगा उठूनच उभा राहिला. पण बरोबर आलेल्या युनियनच्या सेक्रेटरीने त्याला पुन्हा बसवलं. "अरे, हा कामाने दिलेला आजार आहे. भरपाई मिळते याची. मालकाने कधी कानात घालायला काही दिलं होतं?"

"कापूस दिला नाही," भोंगा म्हणाला. "सुताच्या कारखान्यात."

अर्ज गेला. मालकाच्या वकिलाचं म्हणणं साधं होतं: म्हातारपणी कान जातातच, आणि याचे तर गेलेलेही नाहीत. तपासणीत आवाज आला की बटण दाबायचं असतं. बटण दाबणं न दाबणं याच्याच हातात होतं ना?

सुनावणीच्या सकाळी बायकोने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"अहो. अहो, आज कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. टेबलाकडे बघा. सेक्रेटरी बोलतील."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर धाक तरी दाखवता आला असता."

खोलीत लांबलचक टेबल होतं. मध्ये निकाल देणारे साहेब, एका बाजूला वकील आणि त्याचा मदतनीस, दुसऱ्या बाजूला हे तिघं. भोंगा शहाण्यासारखा टेबलाच्या काचेकडे बघत बसला. साहेबांनी दोनदा काही विचारलं, त्याला पत्ताच नाही. सेक्रेटरीने कागद पुढे केले. साहेब वाचत होते, मान डोलवत होते. घास हातातोंडाशी आला होता.

तेवढ्यात काचेत दोन डोकी जवळ येताना दिसली. भोंग्याची मान वर झाली. ती त्याने केली नाही, सवयीने केली.

वकील मदतनिसाच्या कानाशी लागून पुटपुटत होता, "घरी नातवंडांशी गप्पा ठोकत असेल. इथे बहिरा."

"नातीशीच नाही ना हो बोलता येत," भोंगा म्हणाला.

त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. दाराबाहेरचा शिपाईसुद्धा आत डोकावला. साहेब चष्म्यावरून बघत राहिले, कारण वकील काय बोलला ते त्यांनाही ऐकू आलं नव्हतं. वकिलाने ते आनंदाने पुन्हा सांगितलं.

सेक्रेटरी तावातावाने समजावू लागला. मागवाले ओठ वाचतात साहेब, तोंड झाकून बोलून बघा. साहेबांनी खरंच फाइल तोंडापुढे धरून काही विचारलं. भोंगा फाइलीकडे बघत राहिला.

"आता कशाला उत्तर देईल तो?" वकील म्हणाला.

तेही बरोबर होतं. त्या वाक्यानंतर भोंग्याच्या गप्प राहण्याला काही किंमत उरली नव्हती. लोक पायावर धोंडा मारून घेतात, याने तोंडाने मारून घेतला. अर्ज फेटाळला गेला. बाहेर लंबू उभा होता. त्याचा अर्ज याच्या मागेच होता. रस्त्याच्या पलीकडून त्याने नुसते ओठ हलवले, "जाऊ दे." भोंग्याने पहिल्यांदाच वाचता न आल्यासारखं केलं.

पुढे एका दुपारी नात मांडीवर चढली, कानाला तोंड लावलं. वाफ आली. या वेळी भोंगा 'हो' म्हणाला नाही. त्याने तिची हनुवटी धरून तोंड समोर आणलं. "इकडे बघून सांग."

ती विचारात पडली. सगळ्यांना दिसेल असं सांगितलं तर ते गुपित कसलं? ती मांडीवरून उतरली, आजीकडे गेली, तिच्या कानाला लागली. हाताचा आडोसा पक्का होता. आजी ऐकत राहिली, मग नातीच्या केसांवरून हात फिरवत तिने भोंग्याकडे बघितलं.

"काय म्हणाली गं?" त्याने हळूच विचारलं. तीन घरं पलीकडे कळलं.

नात आजीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"गुपित आहे," बायकोचे ओठ म्हणाले.