डॉक्टरबाईंच्या व्हॅनचा स्लो

समस्त बेळगाव-निपाणी परिसरातील वाहनधारकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, डॉक्टर कांबळेबाईंची व्हॅन तिसऱ्यांदा बंद पडली आहे. तीही आमच्या गॅरेजच्या दारात, आत येता येता.

बाई निपाणीच्या. आई तंबाखूच्या वखारीत राबलेली, लेक डॉक्टर झालेली. गोव्याहून मायदेशी निघालेल्या एका परदेशी जोडप्याकडून त्यांनी ही जुनी जर्मन व्हॅन घेतली होती. आत झोपायला फळी, एक स्टोव्ह, हात धुवायला टाकी. असं हे चालतं घर घेऊन बाई खेडोपाडी पेशंट तपासत फिरायच्या.

दुखणं असं. रस्त्यावर पळताना गाडी वाघ. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मेली. गाडी उभी असताना इंजिन मंद, एका लयीत चालत राहतं, त्याला आम्ही ‘स्लो’ म्हणतो. बाईंच्या गाडीला स्लोच उरला नव्हता.

आमचे मालक आप्पा. त्यांनी पहिल्यांदा कार्बोरेटर साफ केला. दुसऱ्यांदा त्यातले पेट्रोल सोडणारे बारीक जेट बदलले. आता म्हणाले, “मुंबईहून नवा कार्बोरेटर मागवायचा.”

मी म्हणालो, “आप्पा, तिथलं दोनदा झालं की. दुसरीकडनं कुठनं तर हवा घेत असंल.”

“मिस्त्री कोण? तू का मी?”

“तुम्हीच. पण गाडी ऐकंना झालीया.”

“कार्बोरेटर सोडून कुठं हात लावलास तर उद्यापासनं वडगावात मागावर जाऊन बसायचं. कळलं?”

मी तेव्हा तिशीचा, दोन लेकरांचा बाप. वडगावात आमच्या घरी साड्या विणायचा एकच माग आणि तो भाऊ चालवायचा. मी परत गेलो असतो तर त्याच्याच ताटात हात घालावा लागला असता. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी आप्पा जेवायला घरी गेले आणि मी ठरवलं, हात लावायचा. लावायचाच!

स्लोवर इंजिन जोरात हवा ओढतं. त्या हवेला लागेल तेवढंच पेट्रोल कार्बोरेटर देतो. भलत्याच फटीतून हवा शिरली की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन मरतं. पळताना मुळातच इतकी हवा आत जात असते की तेवढ्या फटीचं काही वाटत नाही.

आता फट शोधायची कशी? विणकराच्या घरातल्या माणसाच्या सदऱ्याला धागा चिकटलेला असतोच. एक रेशमी धागा काढला आणि बाईंना म्हटलं, “बाई, आत बसा. अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबून धरा. मरू द्यायची न्हाय.”

“म्हणजे इथंपण पेशंटला जगवायचं मीच?” बाई म्हणाल्या.

एकेका सांध्यापाशी धागा धरत गेलो. लोंबतच राहिला. या व्हॅनचं इंजिन मागं असतं. ब्रेक हलका लागावा म्हणून तिथून पुढं एक रबरी नळी जाते, तिच्यातूनही इंजिन हवा ओढतं. मागच्या, झोपायच्या फळीखाली त्या नळीजवळ धागा नेला, तर ताठ झाला आणि सुळकन आत गेला!

नळीत खिळ्याचं टोक रुतलं होतं. वर फळीवर पाहिलं, तर घोड्याचा नाल. आप्पांची रीतच होती. नव्या गिऱ्हाइकाच्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून ते स्वतःच्या हातानं नाल ठोकायचे.

“हा तर मी नुसतं ऑइल बदलायला आले होते तेव्हाचा,” बाई म्हणाल्या. “अहो, दुखणं त्यानंतरचंच की!”

खिळा उपटला, नवी नळी घातली, स्लोचा स्क्रू जुळवला. आप्पा परतले तेव्हा व्हॅन दारात उभी होती आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं.

“काय केलंस रं?”

मी तळहातावर खिळा धरला. “आप्पा, खिळा तुमचा. आता मागावर बसवायचं तर बसवा. पण आधी गाडी ऐका.”

बाई मागं हटणाऱ्या नव्हत्याच. “ह्यांना मागावर बसवलंत, तर मी गाडी वडगावात नेऊन मागाशेजारी उभी करणार!”

माझी नोकरी राहिली. तेव्हापासून आजारी गाडी आली की मी आधी विचारतो, याआधी हात कुणी लावला होता? उत्तर बहुतेक वेळा ‘तुम्हीच’ असं येतं.

आप्पांनी मात्र त्या दुपारी माघार घेतली नाही. खिळा उलटासुलटा करून पाहिला, बाईंकडे पाहिलं आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असे ओरडले, “ते ऱ्हाऊ दे रं! पर गाडीला दृष्ट लागली का? न्हाय न्हवं?”