घटपर्णीसाठी स्थळ

माझ्या साडूंनी अपमान केला नाही असं घर जव्हारमध्ये शोधून सापडणार नाही, आणि त्या प्रत्येक घरात त्यांनीच दिलेली घटपर्णीची कुंडी आहे. साडू वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर. मेघालयातल्या डोंगरांवरून नाहीशी होत चाललेली ही किडे खाणारी वेल घराघरांत वाढली तरच टिकेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बियांपासून केलेली रोपं ते बारशाला, लग्नाला आहेर म्हणून देत आले आणि पुढे तपासणीला जात राहिले. माझी बायको तापाने फणफणली होती तेव्हा ते भेटायला आले, तिच्या उशाशी न थांबता थेट गॅलरीत गेले आणि तिथून ओरडले, "या वेलीच्या घटात वरणभात कोणी घातला?"

यंदा त्यांच्याकडे उरलेल्या एकुलत्या वेलीला फुलं आली. ती मादी निघाली. घटपर्णीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. फुललेला नर मिळाला नाही तर बी न धरताच फुलं वाळून जातात. साडू पायांत चपला सरकवून वधूपित्यासारखे निघाले, सोबत मी. घरोघरच्या वेली फुललेल्याच नव्हत्या. नर सापडला तो एका निसर्गप्रेमी मंडळाच्या कार्यालयात, काचेच्या पेटीत, 'अतिदुर्मिळ नर वेल. हात लावू नये' या पाटीमागे. फुलोरा मात्र गायब.

"पाहुण्यांबरोबर फोटो होता ना," चिटणीस म्हणाले. "तो दांडा मध्ये येत होता. छाटला."

"मग पाहुण्यांना छाटायचं!"

एरवी मला साडूंचा संताप अति वाटतो. त्या दिवशी फारच सौम्य वाटला. दुर्मिळ गोष्टीला पाटी लावायची, पाटीशेजारी उभं राहून हसायचं आणि याला संवर्धन म्हणायचं! अशी माणसं मात्र कधी दुर्मिळ होत नाहीत.

शेवटी आम्ही सूर्यमाळ गाठलं. साडूंची एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या पाड्यावर राहते. तिच्या पडवीत नर फुलला होता. साडूंनी नमस्कारही न करता फुलोऱ्याकडे हात नेला. तिने तो धरला.

"मास्तर, आमच्यात पोरीचा बाप दारोदार नाय फिरत. पोरवालं मागाय येतात. तू घरा जा, मी येतें उद्या."

साडूंनी हात मागे घेतला आणि आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी ती मांडीवर कुंडी घेऊन एसटीने आली, सोबत नणंद. साडूंनी रंगाच्या कुंचल्याने पिवळे पराग मादीच्या फुलांना लावले.

"लागली हळद!" नणंद म्हणाली.

बी धरलं, पेरलं, उगवलं. केसाएवढी रोपं पाहताना मी सहज विचारलं, यांना फुलं कधी येणार? साडू माझ्यावर खेकसले नाहीत, हेच मला खटकलं. त्यांनी ट्रेवर पाणी शिंपडलं. मग म्हणाले, "बरीच वर्षं लागतील. तेव्हा स्थळं तुम्ही बघायची."