टकटकबाई आणि हिअरबाय

टकटकबाईला कंपनीने काढून टाकलं, ही बातमी आमच्या जिन्यात शनिवारी फिरली. कोणी फिरवली ते विचारू नका, माझ्या तोंडाला कुलूप नाही हे जगजाहीर आहे. पण पुरावा भक्कम होता. बाई रोज ऑफिसातून काहीतरी घरी आणत होती. गुरुवारी कप, शुक्रवारी खुर्चीवरची उशी, शनिवारी टेबलाखालचा चपलांचा जोड. बातमी खोटी निघाली. तिला कोणी काढलं नव्हतं, तीच स्वतःला हप्त्याहप्त्याने काढत होती.

ती माझी भिंतीपलीकडची शेजारीण. खोक्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं टायपिस्ट, म्हणून टकटकबाई. खोलीही कंपनीचीच, आणि खोलीत अंथरुणाला खिळलेली आई. नोकरी गेली तर खोली जाणार, आणि त्या म्हातारीला उचलून न्यायचं कुठे, हा प्रश्न बाईच्या मानगुटीवर कायमचा बसलेला.

सोमवारी संध्याकाळी मी वाटी परत करण्याच्या निमित्ताने आत शिरले. माझी पावलं ऐकूनच ती भिंतीला टेकली होती. म्हणाली, मला वाटलं खोली रिकामी करून घ्यायला माणूस आला. मी थट्टेत म्हटलं, मी आले म्हणजे अर्धी खोली रिकामी होतेच, डब्यातलं काही उरत नाही. ती हसली नाही.

मग तांदळाच्या डब्याखालून लिफाफा निघाला. बुधवारी साहेबांनी हातात दिलेला. तीनच शब्द वाचून तिने घडी घातली होती. यू आर हिअरबाय.

"पुढे काय आहे?" मी विचारलं.

"पुढे काय असणार, वहिनी? मीच टाइप करते ना."

त्यांच्या ऑफिसची रीतच तशी. रजा, शाबासकी, पाळीबदल, सगळं साहेब पेन्सिलीने चिठ्ठीवर खरडतात. कंपनीच्या छापील कागदावर पत्र निघतं ते फक्त माणूस घालवायला, तेही जुन्या फाइलीतलं बघून, नाव बदलून. अकरा वर्षांत तिने अशी तेवीस पत्रं बडवली. टाइप करताना हिअरबायपाशी आली की तिची बोटं गार पडायची, आणि दुसऱ्या दिवशी एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी असायची. त्यात हे पत्र तिच्या मशीनवरचं नव्हतं. तिच्या मशीनचं आर अक्षर ओळीच्या वर उडतं, यातले सगळे आर शहाण्यासारखे बसलेले. म्हणजे तिला कळू नये म्हणून मुख्य ऑफिसातून करून आणलं, हे तिने ठरवून टाकलं. चार दिवस साहेबांची घंटा वाजली की ती मनातल्या मनात पदर खोचून उठायची.

मी सासऱ्यांची डिक्शनरी आणली, जिचा आम्ही दार अडवायला उपयोग करतो. हिअरबाय म्हणजे याद्वारे. ह्याच कागदाने. मी तिला समजावलं, अगं, हा शब्द नुसता दारात उभा राहून आरोळी देतो, पाहुणा मागून येतो. याद्वारे नेमणूक होते, याद्वारे परवानगी मिळते, याद्वारे आभारसुद्धा मानतात.

"आमच्याकडे नाही मानत," ती म्हणाली.

शेवटी मीच पत्र उलगडलं. तिने डोळे मिटून घेतले. मुख्य ऑफिसाने लिहिलं होतं, तुम्हाला याद्वारे कळवण्यात येतं की तुमच्या कागदपत्रांत जन्मदाखला नाही, तो सात दिवसांत आणून द्यावा, न दिल्यास सेवा संपुष्टात येईल.

माझं हसू ओठांवर आलं आणि तिथेच वाळलं. सातातले पाच दिवस डब्याखाली गेले होते. जे घडणारच नव्हतं, ते तिने भीतीपायी जवळजवळ घडवून आणलं होतं.

दाखला भावाकडे, दोन तासांच्या अंतरावर. मंगळवारी ती पहाटेच्या बसने गेली, मी तिच्या आईपाशी बसले. म्हातारी दर घटकेला विचारायची, ती सामान घरी का आणते गं? मी तिला चहा पाजून विषय बदलायची. तिकडे तिच्या भावजयीने तीन पेट्या उपसल्या तेव्हा दाखला सापडला. एक कोपरा कसरीने खाल्लेला, तारीख मात्र शाबूत. परतीची बस चुकली. अंधार पडला तरी जिन्यात पाऊल वाजेना, आणि मीच मनात तिच्या आईचं अंथरूण गुंडाळायला लागले होते. अखेर ती आली, दाखला पोटाशी धरून.

बुधवारी तिने तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. पुढचं मला दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने सांगितलं. साहेबांनी कागद उलटसुलट केला, खाल्लेला कोपरा दिव्यासमोर धरला. मग त्यांनी दाखला फाइलीला लावला आणि खेकसले, एवढ्याशा कामाला शेवटचा दिवस उजाडावा लागतो? आठवडाभर काय करत होतात?

ती म्हणाली, "वाचत होते, साहेब. तिसरा शब्द ओलांडायलाच पाच दिवस लागले. पुढल्या वेळी माणूस ठेवायचा असेल तर पेन्सिलीने लिहा."