शाळेचं बक्षीस रुखवतात

मंडळी, डोकं तापलंय म्हणून लिहितेय.

इथल्या एका शाळेनं मुलींनी शाळा सोडू नये म्हणून बक्षीस-कार्डं काढली. रोज हजेरीचा शिक्का. कार्ड भरलं की बक्षीस.

माझ्याकडं कामाला येणाऱ्या सुमनच्या राणीचं, नववीतल्या मुलीचं, कार्ड आज भरलं. बक्षीस काय? स्टीलचा डिनर सेट!

सुमन खुशीत. "बाई, रुखवताची लई काळजी मिटली. आता दिवाळीनंतर लग्न उरकूनच टाकतो."

"अगं, तिनं शिकावं म्हणून दिलाय तो!"

"मग शिकली की! म्हणून तर मिळाला."

राणी हळूच म्हणाली, "बाई, परत देता येतो का हो?"

बक्षिसं ठरवणाऱ्या शहाण्यांना सायकल सुचली नाही? उद्या मी लग्नाची घाई करणाऱ्या सुमनच्या नवऱ्याशी भांडायला जातेय. सोबत कोण येतंय?