वंशावळीत नसलेल्या बायका

अर्जदार : मी स्वतः, वय पंचावन्न, शिक्षण सातवी, व्यवसाय अर्जलेखन, जळगाव.
जिच्याकडे अर्ज : माझी थोरली बहीण, राहणार असोदा.
मुदत : गेल्या वर्षीच्या कपाशीच्या वेचणीपासून आजवर.
साक्षीदार : माझी मुलगी, तिची सासू आणि तिच्या डॉक्टरीणबाई.

नावांशिवाय अर्ज दाखल होत नाही, हे कचेरीच्या आवारात माझ्याइतके कोणास ठाऊक नसेल. तरीही घरातील स्त्रियांची नावे मी येथे घालत नाही.

हकिगत अशी की, धुळ्यास दिलेल्या माझ्या मुलीची पाळी सत्ताविसाव्या वर्षीच बंद झाली. मूल नव्हते. विहीणबाईंनी फोनवर कळवले, की तपासण्या माहेरी राहूनच होऊ द्या, परत यायची घाई नाही. असल्या सौम्य भाषेचे कैक मसुदे मी स्वतः केले असल्याने अर्थ लगेच कळला. मुलगी कायमची माहेरी परत येणार होती.

डॉक्टरीणबाईंनी घराण्याची माहिती मागितली. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ काढणे हा माझा हातखंडा. मी सात पिढ्यांची वंशावळ सुवाच्य अक्षरात काढली आणि आमच्या घराण्यात असा दोष नाही, असे खाली प्रतिज्ञेवर लिहून सहीही केली. बाईंनी ती शेवटपर्यंत वाचली व म्हणाल्या, "काका, यात बायका कुठे आहेत?"

म्हणून मी असोद्यास अक्काकडे गेलो. मूल नाही म्हणून सासरच्यांनी तिला तिशीतच परत पाठवले होते. फारकतीचा कागद मीच लिहिला होता, आणि त्यात कारण म्हणून "स्त्रीच्या अंगचा दोष" हे शब्दही माझेच. बहिणीला पाळीविषयी तोंडाने कसे विचारावे, म्हणून मी प्रश्न लिहून नेले व वाचून दाखवले. अक्का हसली. बहिणीशी बोलायलाही तुला कागद लागतो का, म्हणाली. मग हातातले काम थांबवून तिने सांगितले :

"अठ्ठाइसाव्या वरसी माही पाळी गेली, भाऊ. मावशीचीबी तशीच. कोनी इचारलं नही. तुले त कागदावर फक्त माहा अंगठा पाह्यजे व्हता."

अक्का, मी व मुलगी अशा तिघांच्या रक्ताची तपासणी झाली. एका जनुकातील लहानसा तुकडा आमच्यात नेहमीपेक्षा जास्त वेळा लिहिला गेला आहे, आणि त्याने बायकांची पाळी अकाली जाऊ शकते. आईकडून तो अक्काकडे आला आणि माझ्याकडेही. माझ्यात तो गप्प राहिला व माझ्याकडून मुलीत गेला. बापाकडे असला तर तो प्रत्येक मुलीला मिळतो, असे बाई म्हणाल्या. सात पिढ्यांच्या पुरुषांचा येथे काही संबंध नव्हता. जो शब्द मी अक्कासाठी लिहिला, तो माझ्याही अंगात होता. मला मात्र कोणी कधी परत पाठवले नाही.

धुळ्यास व्याह्यांपुढे मांडण्यासाठी मी निवेदन तयार केले होते. बरोबर आलेल्या अक्काने ते खिशातच ठेवायला लावले आणि विहीणबाईंना म्हणाली, "पोरीनं काही केलं नही. मायनं आमाले देलं, भावानं तिले देलं. मह्या येळेले सांगनारं कोनी नव्हतं. तिच्या येळेले मी हाये."

 विहीणबाईंनी अक्काला जेवायला थांबवून घेतले, आणि सुनेला डॉक्टरांकडे पुन्हा कधी न्यायचे ते विचारले. दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन मूल होऊ शकते, असे डॉक्टरीणबाई सांगतात. निर्णय मुलीचा व जावयाचा. मुलगी आज धुळ्यास स्वतःच्या घरी आहे. हे उपकार अक्काचे आहेत, आणि ते मान्य करताना मला कमीपणा वाटत नाही.

सबब विनंती की, अक्काने माझे आभार स्वीकारावेत. तिने मला अद्याप एका शब्दाने दोष दिलेला नाही. तरी माझ्याविषयी तिचे जे काही म्हणणे असेल, ते तिने कळवावे. उत्तर तोंडी दिले तरी चालेल. मी ते लिहून घेणार नाही, नुसते ऐकेन.